पोटात भुते घेऊन बसलेली टोपली

मी एक जुनी वेताची टोपली आहे. रद्दीची म्हणा, कचऱ्याची म्हणा, मला राग नाही. मित्रांनो, तुमच्या वहीत छत्री बोलते, सायकल बोलते, फाटके पुस्तकसुद्धा बोलते. कचऱ्याच्या टोपलीला मात्र कुणी बोलायला सांगत नाही. म्हणून आज मीच तोंड उघडते. तसे माझे तोंड कायम उघडेच असते म्हणा.

मला एका नवराबायकोने विणले. दोन दिवस वेत पाण्यात भिजवला, मग चिरून, सोलून सारखा केला. बुडाची वीण बाईने घातली आणि काठ तिच्या नवऱ्याने वळला. बाईचा हात फार घट्ट. नवरा वैतागून म्हणाला, "अगं, कागद टाकायची टोपली ती. तिच्यात काय पाणी भरायचंय? हात जरा सैल ठेव की."

"टाकलेलं असलं म्हणून काय झालं?" बाई मान वर न करता म्हणाली. "गळायला नको."

तिच्या अंगठ्याला वेताची धार लागून रक्त आले होते. माझ्या बुडाशी अजून एक तपकिरी डाग आहे. लोकांना तो शाईचा वाटतो.

एका छापखान्याने आम्हा बारा जणींना घेतले. अकरा खाली यंत्रांपाशी गेल्या आणि तेलाशाईने काळ्या होऊन दोन वर्षांत संपल्या. माझे नशीब जोरावर होते, मी वरच्या मजल्यावर गेले. लाकडी जिना चढला की एक लांबट खोली होती. तिथे मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी चुका काढणारी माणसे बसत. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसे. टेबलाखाली, दोघांच्या पायांच्या मध्ये, मी.

एका खुर्चीवर मामा बसत. ते कुणाचे सख्खे मामा होते कोण जाणे, पण मालकापासून जिना पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. दुसऱ्या खुर्चीवर आमची ताई. चाळिशीच्या आतबाहेरची, कानामागे पेन्सिल खोचलेली, एकटी कमावणारी. घरी फक्त ती आणि तिची आई.

त्यांचे काम कसे चाले ते सांगते. खाली जुळारी शिशाची सुटी अक्षरे, म्हणजे खिळे, जुळवून मजकूर तयार करत आणि त्याचा ओलसर छाप वर येई. त्याला प्रूफ म्हणत. लेखकाच्या हातची मूळ प्रत मामांकडे, प्रूफ ताईकडे. मामा मोठ्याने वाचत आणि ताई प्रूफावर पेन्सिल फिरवत चुका टिपत असे. मामा नुसते शब्द वाचत नसत, चिन्हेही वाचत. "नवरा घर सोडून गेला स्वल्पविराम तिने दिवा लावला पूर्णविराम." लग्न असो, खून असो, मामांचा आवाज एकच. नळाला बारीक धार लागावी तसा.

"अर्थात शिरलं की अक्षर सुटतं," ते ताईला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "मी दहा वर्षांत एकही गोष्ट वाचलेली नाही. फक्त अक्षरं वाचलीत."

या मामांकडून एकदा मोठी चूक झाली होती. एका कादंबरीचे एकशे बारावे पान घसरून माझ्या पोटात पडले आणि तसेच रद्दीत गेले. एकशे अकराव्या पानावर नायिका नदीत पडत होती आणि पुढच्या पानावर तिचे लग्न लागत होते. पुस्तके छापून, बांधून झाल्यावर लेखक जिना चढून आला. तो ओरडला नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मामा, तिला बाहेर कुणी काढलं ते त्या पानावर होतं हो."

मामांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. मग त्यांनी एक नियम केला. संध्याकाळी टोपली चाळल्याशिवाय रिकामी करायची नाही. रोज साडेपाचला ते बाही वर सारून माझ्यात हात घालत आणि प्रत्येक कागद उलगडून पाहत. खालचे लोक हसत. मामा म्हणत, "हसा. तुमची नायिका नाही बुडाली."

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या लेखकांचे अक्षर जुळाऱ्यांना लागत नसे, त्यांची पाने ताई आपल्या गोल अक्षरात पुन्हा लिहून देई. त्यामुळे मूळ प्रतीतली निम्मी पाने तिच्याच हातची असत.

छापखान्यातून एक मासिक निघे आणि वर्षातून एकदा त्याचा भयकथांचा विशेषांक निघे. ताईचा सगळा जीव त्या अंकात. लहानपणी ती आईला रोज एक भीतीची गोष्ट सांगायला लावायची. आई सांगता सांगता स्वतःच घाबरायची आणि मध्येच म्हणायची, "पुरे गं बाई, झोप आता." उरलेली गोष्ट ताई डोळे मिटून मनातल्या मनात पुरी करायची. तिला तेव्हापासून एकच व्हायचे होते. भयकथा लिहिणारी.

पण ताकाला जाऊन भांडे लपवायची तिला सवय. दुपारी डबा खाऊन मामांनी खुर्चीतच डोळा लावला की ती जुन्या प्रूफांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहू लागे. मामांनी कूस बदलली की कागद माझ्या पोटात. पहिल्या वर्षी माझ्याकडे काय काय आले म्हणता! ओसाड विहिरी सात. पांढऱ्या साड्या अकरा. उलट्या पावलांची एक म्हातारी, ती तर तीनदा आली. करकरणारी दारे मी मोजलीच नाहीत. आणि प्रत्येक किंकाळीनंतर उद्गारचिन्ह जागच्या जागी! सांगायला लाज वाटते, पण मला हसू येई. मी हसले की वेत करकरे, आणि ताई उंदीर समजून पाय वर घेई. माझ्या एवढ्याशा करकरीला भिणारी बाई लोकांना भिवणार कशी, असे माझ्या मनात येई.

एकदा तिने धीर केला आणि एक गोष्ट संपादकांच्या हातात ठेवली. संपादक माणूस वाईट नव्हता. त्यांनी ती तिथेच, दारात उभ्याने वाचली.

"शुद्धलेखन अगदी निर्दोष आहे हो," ते म्हणाले. "एकही चूक सापडली नाही."

"आणि भीती?" ताईने विचारले.

संपादकांनी चष्मा काढून पुसला. "विहीर आहे, बाई आहे, सगळं आहे. पण लिहिताना तुम्ही स्वतः घाबरला होता का?"

ताईने कागद परत मागून घेतले. ती गोष्ट तिने माझ्यात टाकली. चुरगळून नाही, नीट चार घड्या घालून. चुरगळलेल्या कागदात निदान राग असतो. घड्या घातलेला कागद पाहून मला वाईट वाटले, आणि आपण हसलो होतो याचे त्याहून वाईट वाटले.

"मी दुसऱ्यांच्या चुका काढणारी बाई आहे, मामा," ती म्हणाली. "ज्याला चुका दिसतात त्याला भुतं दिसत नाहीत."

"डबा खाल्लास का?" मामा म्हणाले. अवघड काही ऐकले की ते हेच विचारत.

त्यानंतर कित्येक महिने दुपारी माझ्या पोटात पेन्सिलीच्या सालींशिवाय काही पडले नाही. ताई जेवून खिडकीतून पाण्याची टाकी बघत बसे.

त्याच सुमारास तिची आई विसरू लागली होती. आधी चष्मा, मग शेगडीवरचे दूध, मग घराची गल्ली. शेजारच्या काकू दिवसभर तिच्याजवळ बसत. एकदा काकूंना परगावी जावे लागले आणि ताई आईला छापखान्यात घेऊन आली. माझ्याशेजारी एक स्टूल ठेवून तिला बसवले. आई फार नीटनेटकी, गोड बोलणारी. जरा वेळाने ती मामांना म्हणाली, "माझी मुलगी इथंच कामाला आहे."

"हो ना, ही काय!" मामांनी ताईकडे बोट केले.

आईने ताईकडे पाहिले आणि परक्या बाईला पाहून हसावे तशी हसली. "बसा हो," ती ताईला म्हणाली. "येईलच ती एवढ्यात. उशीर करत नाही कधी."

ताईने पेन्सिल खाली ठेवली. "बसते," ती म्हणाली.

मामांनी घाईघाईने पुढचे पान उचलले आणि नेहमीपेक्षा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आई वाकली, माझ्यातला एक चुरगळलेला कागद तिने काढला, मांडीवर ठेवून तळहाताने सारखा केला आणि त्याची घडी घातली. मग दुसरा काढला. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालाव्यात तशी ती दिवसभर तेच करत राहिली.

दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या आणि आई घरी राहिली. ताई मामांना म्हणाली, "रोज हेच असतं, मामा. मी घरी जाते, ती दार उघडते. म्हणते, बसा, माझी मुलगी येईल. मी बसते. मग आम्ही दोघी मिळून माझी वाट बघतो."

मामांनी या वेळी डब्याचे विचारले नाही.

त्याच दुपारी ताई पुन्हा लिहू लागली. या वेळी कागद माझ्याकडे येईनात. आठ दुपारी ती लिहीत होती, आणि तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. ती एका बाईची गोष्ट होती. ती बाई रोज संध्याकाळी घरी येते. आई तिला ओळखत नाही, पण प्रेमाने बसवून घेते. दोघी मुलीची वाट पाहतात. असे कितीतरी महिने चालते. मग एका संध्याकाळी, नेहमीच्याच वेळी, जिन्यात पावले वाजतात. खुर्चीवर बसलेली बाई ती पावले ओळखते, कारण ती तिचीच असतात. पावले दाराशी थांबतात. कुलपात किल्ली फिरते.

इथे ताईचा हात थांबला. नवव्या दुपारी तिने सातही पाने पुन्हा वाचली. मग पुटपुटली, "कोण घाबरणार आहे याला? ना विहीर, ना काही." थोड्या वेळाने आणखी हळू म्हणाली, "आणि स्वतःच्या आईचं भूत करून छापायला निघालेय मी. लाज वाटायला हवी."

तिने एकेक पान चुरगळले. सात वेळा. त्या दिवशी ती लवकर घरी गेली.

मित्रांनो, टोपलीला हात नसतात. असते तर मी ती पाने काठावरून बाहेर ढकलली असती. इतकी वर्षे माझ्या पोटात भुते येत होती आणि मी हसत होते. त्या सात पानांनी मला पहिल्यांदा भीती घातली. जी बाई रोज आपल्याच घरात पाहुणी होऊन बसते तिची भीती. आणि खाली उभ्या असलेल्या रद्दीच्या पोत्याची भीती. आता एवढ्या वर्षांनीही ती संध्याकाळ आठवली की माझा काठ ताठ होतो.

साडेपाचला मामांनी बाही वर सारली. पहिले पान उलगडले, दुसरे उलगडले, आणि कपाळावर हात मारून घेतला. ताईचे गोल अक्षर म्हणजे कुणातरी लेखकाची उतरवून काढलेली प्रत, असे त्यांना वाटणारच. विशेषांकाचे दिवस होते. "या पोरीचं हल्ली लक्ष कुठं असतं कोण जाणे," ते स्वतःशीच म्हणाले. "अंकाची अख्खी सात पानं टोपलीत! आपल्यासारखीच गत व्हायची होती हिची." त्यांनी पाने तळहाताने सारखी केली, कोपऱ्यात आकडे घातले आणि एक शब्दही न वाचता, हो, एक शब्दही न वाचता, खाली जुळाऱ्यांकडे पाठवून दिली. ताई ओशाळेल म्हणून तिला याबद्दल काही बोलायचे नाही, असेही त्यांनी ठरवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रूफ वर आले.

"शीर्षक नाही, लेखकाचं नाव नाही," मामा कुरकुरले. "विसराळू दिसतोय. चल, वाचायचं?"

"वाचा," ताई पेन्सिलीला टोक करत म्हणाली.

"ती घरी आली तेव्हा दिवे लागले होते पूर्णविराम आईने दार उघडले आणि म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू बसा हो स्वल्पविराम माझी मुलगी येईलच एवढ्यात पूर्णविराम अवतरण संपले…"

ताईची लाथ मला बसली आणि मी आडवी झाले. "मामा, थांबा," ती म्हणाली, पण मामा एकदा वाचू लागले की कुणाचे ऐकत नसत. नळ सुरूच राहिला. ताईने प्रूफाकडे पाहिले. स्वतःचे शब्द तिने पहिल्यांदाच छापलेले पाहिले होते. वीस वर्षांची सवय वाईट. तिची पेन्सिल आपोआप ओळींखालून सरकू लागली. तिसऱ्या पानावर तिने एक उलटा पडलेला खिळासुद्धा टिपला.

चौथ्या पानावर मामांचा आवाज मंद झाला. पाचव्या पानावर त्यातले स्वल्पविराम गेले. सहाव्यावर पूर्णविराम गेले. मी आडवी पडून ऐकत होते. मामा आता वाक्ये वाचत होते, माणसे वाचतात तशी, थांबत थांबत. सातव्या पानाच्या तळाशी त्यांनी "कुलपात किल्ली फिरली" एवढे वाचले आणि मागे वळून खोलीच्या दाराकडे पाहिले.

भर दुपार होती. खाली यंत्रे धडधडत होती.

"पुढचं पान?" मामांनी विचारले.

"नाही."

"नाही म्हणजे? हरवलं?" ते खुर्चीवरून उठले, गुडघ्यावर बसले आणि माझ्यात हात घालून चाचपू लागले. "इथंच असेल. मी नीट चाळली होती गं. मी नीट…"

"मामा, लिहिलंच नाही ते."

मामांचा हात माझ्या पोटातच राहिला. "तुझं आहे हे?"

"टाकलं होतं मी! कुणी सांगितलं होतं तुम्हाला काढायला?" ताई इतक्या जोरात ओरडलेली मी कधी ऐकली नव्हती. मग ती रडू लागली. "ती माझी आई आहे, मामा. तिचं भूत करून लोकांना दाखवू? असली कसली लेखिका मी?"

मामा खाली बसूनच म्हणाले, "आज तीस वर्षांत पहिल्यांदा मी गोष्ट ऐकली. हिच्यात आईचं भूत कुठंय? आई तर बिचारी दार उघडते, बसवून घेते. भूत तू स्वतःचं केलंयस, पोरी."

ताईने डोळे पुसले.

"आणि हे बघ," मामांनी तळहात पुढे केला. तो घामाने ओला होता आणि हातातल्या पानावर अक्षर पसरले होते. "मला पुढचं पान पाहिजे. दार उघडून कोण आत येतं ते कळल्याशिवाय मी घरी जायचा नाही."

"घाबरलात?" ताईने विचारले. ती रडत होती आणि हसतही होती.

"डबा खाल्लास का?" मामा म्हणाले.

संध्याकाळी संपादक प्रूफाची दुसरी प्रत घेऊन वर आले. "हे कुणाचं?" मामांनी नुसते ताईकडे बोट केले. संपादक तिच्याकडे वळले. "अंक सोमवारी यंत्रावर चढतोय. शेवट?"

"शनिवारी देते," ताई म्हणाली, आणि असे कसे बोलून बसले म्हणून तिने जीभ चावली. संपादक जिना उतरले, अर्ध्यातून परत आले आणि म्हणाले, "आज मी घरी किल्लीनं दार उघडणार नाही. घंटी वाजवीन." मग खरोखरच गेले.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता शेवट सुचायला किती वेळ! पण त्या तीन दिवसांत ताईचा जीव टांगणीला लागला होता. दार उघडून काळी सावली आत आली, ती माझ्याकडे आली. जळलेला चेहरा आला, तोही माझ्याकडे. उलट्या पावलांची म्हातारी चौथ्यांदा आली. तिला पाहून मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले, पण मी हसले नाही. ताई काळवंडली होती. "मला जमत नाही, मामा. विहिरीवाल्यांनी विहिरीच लिहाव्यात."

"तुला कशाची भीती वाटते?" मामांनी विचारले. "गोष्टीत नाही. तिथं, घरी, खुर्चीवर बसलेली असतेस तेव्हा."

ताईने पाठकोरा कागद ओढला आणि चारपाच ओळी लिहिल्या. तो कागद तिने चुरगळला नाही. मामांना दिलाही नाही. तिने तो स्वतः मोठ्याने वाचला.

दार उघडते. आत येणारी म्हणते, "आई, आले गं." आईचा चेहरा उजळतो. कित्येक महिन्यांत तो असा उजळलेला नसतो. मग आई विचारते, "ही बाई केव्हाची तुझी वाट बघत बसलीय. कोण गं ही?" येणारी खुर्चीकडे पाहते. म्हणते, "कोण बाई, आई? खुर्ची तर रिकामी आहे."

माझा एकही वेत करकरला नाही.

"पूर्णविराम," मामा हळूच म्हणाले.

अंक निघाला. गोष्टीखाली ताईने स्वतःचे नाव छापू दिले, त्यासाठी मात्र संपादकांना दोनदा जिना चढावा लागला. पत्रे आली. कुणी लिहिले, आम्ही आता घरी आल्यावर आधी हाक मारतो. एका माणसाने लिहिले, "माझे वडील असेच आहेत. तुम्ही आमच्या दुःखाची गंमत केलीत." ते पत्र ताईने माझ्यात टाकले. संध्याकाळी स्वतःच काढून घेतले आणि त्याला चार पानी उत्तर लिहिले. त्या उत्तरात काय होते ते मला माहीत नाही, कारण त्यातले एकही पान माझ्याकडे आले नाही.

पुढे तिची पुस्तके निघाली. लोक तिला भयकथा लिहिणारी बाई म्हणून ओळखू लागले. पण शंका गेली असे समजू नका. दर गोष्टीच्या वेळी ती पुन्हा येई, दुपारच्या डब्यासारखी ठरल्या वेळी. फरक एवढाच पडला की ताईने मामांचा नियम घेतला. दुपारी जे टाकावेसे वाटेल ते खुशाल टाकायचे. पण निकाल दुपारी लावायचा नाही. संध्याकाळी बाही वर सारायची, हात घालायचा आणि पुन्हा एकदा वाचायचे. दहातली आठ पाने परत माझ्याकडेच येत. दोन वाचत.

मामा निवृत्त झाले त्या दिवशीही त्यांनी मला चाळले. माझ्यात फक्त फुलांच्या गुच्छाचा दोरा होता. तो त्यांनी उलगडून पाहिला.

मग संगणक आले. कागद कमी झाला, वाचून दाखवणारे माणूस नको झाले, आणि एक दिवस ती लांबट खोलीच बंद झाली. ताईने छापखाना सोडला. मला जिन्याखाली ठेवले. लोक माझ्यात ओल्या छत्र्या उभ्या करत, चहाचे कप टाकत. माझा एक वेत तुटला, बुडाला बुरशी आली. कुणी कधी हात घालून पाहिले नाही. दोन वर्षे मी तशी होते. टाकलेल्या कागदाला काय वाटत असेल ते मला तेव्हा नीट कळले. ताई आपली खुर्ची मागायला आली तेव्हा खुर्ची मोडीत गेली होती. मी होते. तिने मला उन्हात वाळवले, तुटलेला वेत दोऱ्याने बांधला आणि घरी नेले.

आता मी तिच्या टेबलाजवळ असते. समोर दार आणि दाराजवळ आईची खुर्ची. आई आता जवळजवळ बोलत नाही. पण दिवसभर ती माझ्यातले कागद काढते, मांडीवर सारखे करते आणि त्यांची चळत रचते. काकू म्हणतात, "राहू द्या हो आजी, कचरा आहे तो." आई ऐकत नाही.

परवाचीच गोष्ट. ताईची नवी गोष्ट आठवडाभर अडली होती आणि सकाळी बाहेर जाताना तिने सगळीच्या सगळी माझ्यात कोंबली होती. संध्याकाळी ती आली. आईने मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून शब्द निघाले.

"बसा हो," ती म्हणाली. मग तिने मांडीवरची चळत उचलली आणि दोन्ही हातांनी ताईपुढे धरली. "हे माझ्या मुलीचं आहे. ती आली की तिला द्या. फेकू नका."

ताई बसली. "चांगलं लिहिलंय का तिनं?" तिने विचारले. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"मला कुठं वाचता येतंय आता," आई म्हणाली. "पण अक्षर तिचं आहे."

ताईने ती चळत छातीशी धरली. "आली की देते," ती म्हणाली. मग दिवा लावून, आईच्या शेजारीच बसून, ती पहिल्या पानापासून वाचू लागली.

मित्रांनो, माझी वीण आता सैल झाली आहे. मी फार दिवस टिकेन असे वाटत नाही. तुम्हाला जे टाकायचे ते माझ्यासारखीच्या पोटात खुशाल टाका. त्यासाठीच आम्हाला विणले आहे. फक्त आमच्यात ओले काही टाकू नका, आणि रिकामे करण्याआधी एकदा हात घालून बघा. तळाशी कुणाचे तरी अक्षर असते.